सीक्वेलची घोषणा झाली म्हणजे नेमकं काय झालं?

जून २०१८. ई३, म्हणजे व्हिडिओ गेम्सचा मोठा मेळा, चालू आहे, बेथेस्डा या गेम स्टुडिओचा शो संपत आलाय, आणि सगळ्यात शेवटी स्क्रीनवर डोंगर दिसतात. कॅमेरा वरून सरकतोय, खाली खडकाळ उजाड जमीन, थोडे ढग, लांबवर पाण्याची कड, मागे ती ओळखीची धून, आणि मग नाव येतं, द एल्डर स्क्रोल्स ६. संपलं. जेमतेम ३६ सेकंद. एक पात्र नाही, एक तलवार नाही, तारीख तर नाहीच नाही. तरी लोक असे ओरडले की जणू डिस्क हातातच पडली. नंतर महिनोन्महिने त्या डोंगरांचे स्क्रीनशॉट काढून नकाशावर ताडून बघणं चालू होतं, गेमच्या जगातला हा प्रदेश हॅमरफेल आहे की हाय रॉक, यावरून मित्रामित्रांत भांडणं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय. सात वर्षं उलटून गेली तरी त्या गेमची तारीख कोणाला माहीत नव्हती.

आता गंमत बघा. याच स्टुडिओने फॉलआउट ४ ची घोषणा जून २०१५ मध्ये केली आणि १० नोव्हेंबर २०१५ ला गेम लोकांच्या हातात. पाच महिने. म्हणजे माणसं तीच, कामाची पद्धत साधारण तीच, मग एका सीक्वेलला घोषणेनंतर पाच महिने आणि दुसऱ्याला सात वर्षंसुद्धा पुरत नाहीत, असं कसं? तर इथेच आपण बरेच जण फसतो. आपण घोषणेपासून घड्याळ लावतो. पण घोषणा ही गेम बनवण्यातली पायरीच नाहीये. गेम कुठवर आलाय याच्याशी तिचा संबंध असेलच असं नाही, ती कोणीतरी कोणालातरी दिलेला निरोप असते, आणि बऱ्याचदा तो निरोप आपल्यासाठी नसतोच. आपण फक्त ऐकतो.

हे नीट कळायला आधी गेम बनतो कसा ते बघू, पटकन.

सुरुवातीला प्री-प्रॉडक्शन. यात मोठ्या स्टुडिओतसुद्धा थोडीच माणसं असतात, कारण बाकीची टीम आधीच्या गेमचे पॅच (म्हणजे दुरुस्त्या) आणि डीएलसी (म्हणजे नंतर येणारे जादा भाग) उरकत असते. ही थोडी माणसं प्रोटोटाइप बनवतात, म्हणजे कच्चं मॉडेल, ज्यात हिरो म्हणजे एक राखाडी ठोकळा, भिंती म्हणजे राखाडी डबे, आवाज नाही, सावली नाही, फक्त एवढंच बघायचं की उडी मारायला मजा येते का. मग येतं व्हर्टिकल स्लाइस, हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे याच्यावरच बरंच काही आहे. व्हर्टिकल स्लाइस म्हणजे अख्ख्या गेममधला पंधरा-वीस मिनिटांचा एक तुकडा एकदम फायनल क्वालिटीत बनवायचा, ग्राफिक्स, आवाज, मारामारी, मेनू सगळं झळाळतं, म्हणजे पैसे देणाऱ्यांना दाखवता येतं की बघा, पूर्ण गेम असा होणार. बाकीचा गेम त्या वेळी अस्तित्वात नसतो. एक खोली रंगवून पडदे लावून तयार, बाकी घराचे नुसते खांब.

ते पास झालं की फुल प्रॉडक्शन, शेकडो माणसं, कधी हजारावर, पैसा खरा इथे जळतो. त्यानंतर अल्फा, म्हणजे सगळं आत आलंय पण पदोपदी तुटतंय. मग बीटा, आता नवीन काही घालायचं नाही, फक्त बग मारायचे. शेवटी कन्सोलवाल्यांचं, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स वगैरे मशीन बनवणाऱ्यांचं, सर्टिफिकेशन, ते पुढे सांगतो.

आता हे डोक्यात ठेवून विचर ४ चं उदाहरण घ्या, कारण यात तारखा एकदम स्वच्छ आहेत. विचर बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने मार्च २०२२ मध्ये एक फोटो टाकला, बर्फात रुतलेलं एक मेडलियन, आणि जाहीर केलं की विचरची नवी मालिका येतेय, अनरियल इंजिन ५ वर (इंजिन म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते). झालं, इंटरनेट पेटलं. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की गेम आता फुल-स्केल प्रॉडक्शनमध्ये गेलाय. परत वाचा. घोषणा २०२२ चा मार्च, खरं मोठं काम सुरू २०२४ च्या नोव्हेंबरात, मधे अडीच वर्षांहून जास्त काळ. म्हणजे ज्यांनी मेडलियन बघून घड्याळ लावलं त्यांचं घड्याळ अडीच वर्षं पुढे होतं.

मग एवढ्या लवकर सांगायचंच कशाला? गप्प बसून बनवावं की.

एक कारण भरती. शेकडो माणसं हवी असतात, आणि चांगला इंजिनिअर 'एका गुप्त प्रोजेक्टसाठी' अशी जाहिरात वाचून नोकरी सोडेलच असं नाही, पण 'विचरच्या पुढच्या भागावर काम करायचंय' म्हटलं की अर्जांची रांग लागते. त्यात इंजिन बदललेलं. आधी ते स्वतःचं रेडइंजिन वापरायचे, आता अनरियल, म्हणजे अनरियल येणारी माणसं पाहिजेत, आणि ती जगभर आहेत, फक्त त्यांना कळायला हवं ना.

दुसरं कारण शेअर बाजार. सीडी प्रोजेक्ट वॉर्साच्या बाजारात लिस्टेड आहे, टेक-टू अमेरिकेत, निन्टेन्डो जपानमध्ये. लिस्टेड कंपनीला दर तिमाहीला उभं राहून सांगावं लागतं की पुढे काय आहे. ज्या वर्षी कंपनीकडे मोठा गेम नाही त्या वर्षी निदान मोठं नाव तरी दाखवायला लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीडी प्रोजेक्टने एका दमात प्रोजेक्टांची अख्खी यादीच वाचून दाखवली, पोलारिस म्हणजे नवा विचर, ओरायन म्हणजे सायबरपंकचा पुढचा भाग, आणखी बरीच नावं. ते प्रेझेंटेशन गुंतवणूकदारांसाठी होतं. गेमर लोक मागच्या बाकावरून ऐकत होते आणि मनातल्या मनात प्रीऑर्डर करत होते.

तिसरं कारण, आणि हे मला सगळ्यात मानवी वाटतं, लोकांना शांत करणं. एल्डर स्क्रोल्सच्या त्या ३६ सेकंदांबद्दल माझं मत हेच आहे. त्या वर्षीच्या शोमध्ये बेथेस्डाकडे ऑनलाइन फॉलआउट ७६ होता, मोबाइलवरचा एल्डर स्क्रोल्स ब्लेड्स होता, आणि स्टारफील्डचं नुसतं नाव होतं. स्कायरिम २०११ ला आलेला, त्याचे चाहते सात वर्षं थांबलेले, त्यांना मोबाइल गेम दाखवून घरी पाठवलं असतं तर पुढचं वर्षभर प्रत्येक व्हिडिओखाली एकच प्रश्न, सहावा कधी. तो प्रश्न बंद करायला डोंगर दाखवले. प्रश्न बंद झाला नाही ही गोष्ट वेगळी. स्टारफील्ड आधी येणार हे त्यांनी तेव्हाच सांगितलेलं, आणि तो आला सप्टेंबर २०२३ ला.

चौथं कारण लीक. इथे जीटीए ६ ची गोष्ट सांगायलाच लागते, कारण घोषणेचे जेवढे प्रकार असू शकतात ते सगळे या एका गेमला झालेत.

पाचवा भाग आला १७ सप्टेंबर २०१३ ला. मग थेट ४ फेब्रुवारी २०२२ ला जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने पाचव्याच्या नव्या कन्सोल व्हर्जनबद्दल एक पोस्ट टाकली आणि तिच्या शेवटी, अगदी जाता जाता, सांगितलं की हो, पुढच्या भागाचं काम नीट सुरू आहे. ना लोगो, ना नाव. मग सप्टेंबर २०२२ मध्ये कोणीतरी त्यांच्या सिस्टीममध्ये घुसून ९० च्या आसपास व्हिडिओ बाहेर टाकले, अर्धवट बनलेल्या गेमचे. आणि हे व्हिडिओ बघून लोकांनी काय म्हणावं, की शी, काय हे ग्राफिक्स! एकाने तर ठासून लिहिलं की गेममध्ये ग्राफिक्स सगळ्यात आधी पूर्ण होतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यावर जे झालं ते मात्र भारी होतं, दुसऱ्या स्टुडिओतल्या डेव्हलपर लोकांनी आपापल्या गाजलेल्या गेम्सचे सुरुवातीचे व्हिडिओ स्वतःहून टाकायला सुरुवात केली, ज्यात हिरो राखाडी ठोकळ्यांमधून पळतोय, गोळ्या म्हणजे साधे ठिपके, आणि अवॉर्ड मिळवलेला गेम असा दिसतोय की जुन्या फोनवर बनवलाय. ग्रेबॉक्स म्हणतात ते हेच. हजार पानं वाचून जे कळलं नसतं ते त्या दोन दिवसांत लोकांना कळलं, म्हणजे निदान काहींना.

नंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये घोषणा झाली की डिसेंबरच्या सुरुवातीला ट्रेलर येईल. म्हणजे ट्रेलर येणार याची घोषणा, आणि तीसुद्धा जगभर बातमी झाली! ट्रेलर ५ डिसेंबरला यायचा होता, तो आदल्या दिवशीच लीक झाला, म्हणून रॉकस्टारने वैतागून ४ तारखेलाच अधिकृत टाकून दिला, आणि पहिल्या २४ तासांत यूट्यूबवर त्याला ९ कोटींच्या वर व्ह्यूज पडले. त्यात लिहिलं होतं २०२५. मे २०२४ मध्ये कंपनीने ते २०२५ ची शरद ऋतूची विंडो असं बारीक केलं. २ मे २०२५ ला कळलं की नाही, आता २६ मे २०२६. आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला कळलं की तेही नाही, १९ नोव्हेंबर २०२६.

या तारखांकडे जरा बारकाईने बघा. ६ नोव्हेंबर २०२५ हा दिवस रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टूच्या तिमाही निकालांचा होता. मे २०२४ चं ते 'शरद ऋतू' पण निकालांच्या दिवशीच आलं. हा योगायोग नसतो. टेक-टूचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि कंपनीला त्या वर्षाचा अंदाज सांगावा लागतो, गेम अमुक वर्षात पकडलाय की नाही यावर तो अख्खा अंदाज फिरतो. मे २०२६ काय आणि नोव्हेंबर २०२६ काय, दोन्ही एकाच आर्थिक वर्षात बसतात, म्हणजे चाहत्यांना सहा महिने गेल्याचं दुःख पण हिशेबाच्या वहीत वर्ष तेच राहिलं. मी हल्ली कुठल्याही मोठ्या सीक्वेलची तारीख बघितली की आधी बघतो की कंपनीचं आर्थिक वर्ष कधी संपतं. मार्चला आर्थिक वर्ष संपणाऱ्या कंपनीने 'मार्चच्या शेवटी' तारीख दिली असेल तर ती बऱ्यापैकी वहीतली तारीख असते, स्टुडिओतली नाही.

आता ट्रेलरबद्दल. ट्रेलरखाली जी बारीक अक्षरं असतात ना, जी कोणी वाचत नाही, खरी माहिती तिथे असते. विचर ४ चा डिसेंबर २०२४ चा ट्रेलर बघा, गावातल्या मुलीचा बळी, नायिका सिरी, साखळी, सगळं अंगावर काटा आणणारं, पण त्यावर स्पष्ट लिहिलेलं की हा सिनेमॅटिक प्री-रेंडर केलाय. प्री-रेंडर म्हणजे कॉम्प्युटरने एकेक फ्रेम निवांत बनवली, फिल्म बनवतात तशी, तुम्ही कंट्रोलर हलवलात तर काही हलणार नाही. इन-इंजिन म्हणजे गेमच्याच इंजिनमध्ये बनवलंय, पण तुमच्या मशीनवर तसंच चालेल अशी खात्री नाही. गेमप्ले म्हणजे खरंच कोणीतरी खेळतंय, आणि त्यातसुद्धा तो व्हर्टिकल स्लाइस असू शकतो, रंगवलेली एकच खोली. जीटीए ६ च्या दुसऱ्या ट्रेलरनंतर रॉकस्टारने सांगितलं की हे पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या कन्सोलवर, पकडलंय, अर्धं गेमप्ले अर्धे कटसीन (मधे मधे नुसते बघायचे प्रसंग), तेव्हा लोक उडाले ते यामुळेच, कारण हे सांगायची कोणाला सवयच नाही.

या बाबतीतला जुना किस्सा म्हणजे किलझोन २. मे २००५ च्या ई३ ला ट्रेलर आला, सैनिक उतरतायत, धूर, स्फोट, चेहऱ्यावरचा घाम, आणि सगळ्यांना वाटलं की हा पीएस३ वर चालणारा गेम आहे. तो प्री-रेंडर्ड होता. स्टुडिओ ॲमस्टरडॅमचा, गुरिल्ला, त्यांना मग पुढची साडेतीन-पावणेचार वर्षं त्या ट्रेलरच्या जवळपास पोचणारा खरा गेम बनवायला लागला, तो आला फेब्रुवारी २००९ ला. चांगला होता. पण विचार करा, स्वतःच्याच जाहिरातीशी चार वर्षं स्पर्धा.

(मी पण एकदा एका सीक्वेलचा असाच चकाचक ट्रेलर बघून रात्री दीडला प्रीऑर्डर केलेली. नाव घेत नाही. गेम आला तेव्हा ट्रेलरमधला तो पावसातला पूल गेममध्ये होताच कुठे, शेवटपर्यंत शोधला.)

बरं, मान्य, घोषणा लवकर होते. पण तरी बनवायला एवढा वेळ का? आधीचा गेम आहे ना तयार, इंजिन आहे, नकाशा आहे, पात्रं आहेत, पुढची गोष्ट लिहायची आणि ओतायचं त्यात. सीक्वेलबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो फोडायला माझं आवडतं उदाहरण म्हणजे सिल्कसाँग.

टीम चेरी, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची मोजक्या माणसांची टीम. त्यांनी किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या थोडे वर पैसे गोळा करून हॉलो नाइट बनवला, २०१७ ला आला, तुफान चालला. त्या किकस्टार्टरमध्ये एक वचन होतं की दुसरं एक खेळता येणारं पात्र देऊ, ते म्हणजे हॉर्नेट. साधं ॲड-ऑन असायला हवं होतं. जुन्याच नकाशात नवी बाहुली सोडायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की हे आता एवढं वाढलंय की स्वतंत्र सीक्वेल करतोय, तोच सिल्कसाँग.

का वाढलं? तर बघा, जुन्या गेममधला हिरो, नाइट, बुटका आहे. त्याला कडा पकडून वर चढता येत नाही, उडी पोचली तर पोचली, नाही तर खाली. हॉर्नेट उंच आहे, चपळ आहे, आणि कडेला हात लागला की अंग वर खेचून घेते. बस, एवढाच फरक. पण आता जुन्या नकाशातला प्रत्येक कट्टा, जो नाइटच्या उडीच्या बरोबर एक इंच वर ठेवला होता म्हणजे तो आत्ता पोचू नये, तो हॉर्नेटला सहज मिळतो. सगळी कुलपं उघडी. म्हणजे कट्टे उंच करा, खोल्या मोठ्या करा. खोल्या मोठ्या झाल्या की जुने शत्रू त्यात मुंगीसारखे दिसतात आणि हॉर्नेटच्या स्पीडपुढे उभे राहत नाहीत, म्हणजे शत्रू नवे, जे उडी चुकवतील, मागे सरकतील, तिच्यासारखेच चपळ. त्यात नाइट एका जागी थांबून एकेक मास्क (यात जीव मास्कमध्ये मोजतात) भरून घ्यायचा, हॉर्नेट एका झटक्यात तीन मास्क भरते, तेसुद्धा हवेत. मग शत्रूचा फटका पण त्या हिशेबाने मोजायला लागतो, म्हणून काही जण एका वारात दोन मास्क उडवतात (आणि आपण कंट्रोलर फेकतो). एका कडेवर हात लावता येण्यावरून अख्खा गेम नव्याने मोजला गेला. नवीन बाहुली सोडायला गेले आणि नवीन जग करून बसले.

हेच मोठ्या प्रमाणावर निन्टेन्डोच्या झेल्डा मालिकेचं. तिच्यातल्या टिअर्स ऑफ द किंगडममध्ये हायरूल या राज्याचा नकाशा बराचसा तोच, आधीचा भाग मार्च २०१७ चा आणि हा १२ मे २०२३ चा, सहा वर्षं. लोक म्हणाले नकाशा तोच तर वेळ कशाला. पण यात खेळणाऱ्याला कुठलीही वस्तू उचलून कुठल्याही वस्तूला चिकटवायची सोय दिली, अल्ट्राहँड. आता आधीच्या गेममध्ये एखादा दरवाजा नुसता ॲनिमेशनने उघडायचा, खरं वजन नव्हतं त्याला, आणि ते चालायचं. पण त्या दरवाज्यात कोणी लाकडी फळी अडकवली तर? फळीला वजन आहे, दरवाज्याला नाही, दोघं एकमेकांतून आरपार जातात किंवा फळी आकाशात उडते. म्हणजे मग दरवाजे, चाकं, गिअर, सगळ्यांना खरं फिजिक्स द्या. जे चित्र म्हणून चालत होतं ते यंत्र म्हणून परत बनवायला लागलं. त्यांनी २०२२ ची तारीख पुढे ढकलून एक वर्ष जास्त घेतलं, आणि तो गेम खेळताना मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

इंजिन बदलणं हा तर वेगळाच सापळा. ड्यूक नुकेम फॉरएव्हर १९९७ ला जाहीर झाला, पुढच्याच वर्षी इंजिन बदललं, मग नवीन तंत्र आलं की ते पण पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या गेममध्ये काही चांगलं दिसलं की ते पण, आणि हे घोंगडं भिजत पडलं ते थेट २०११ पर्यंत. मधे २००९ ला मूळ टीम बंद पडली, दुसऱ्यांनी उचलून पूर्ण केला. चौदा वर्षांनी आलेला गेम अर्थातच चौदा वर्षं जुना वाटला. स्कोप वाढत जाणं म्हणतात ते हेच, फरक एवढाच की टीम चेरीकडे आधीच्या गेमचे पैसे होते, कोणाला हिशेब द्यायचा नव्हता, आणि त्यांनीच नंतर सांगितलं की आम्ही अडकलेलो वगैरे नव्हतो, मजा येत होती म्हणून भर घालत बसलो.

आणि कधी कधी प्रामाणिकपणे सांगावं लागतं की जमलं नाही. मेट्रॉइड प्राइम ४ ची घोषणा २०१७ च्या ई३ ला झाली, नुसता लोगो, अंक चार. जानेवारी २०१९ मध्ये निन्टेन्डोचे शिन्या ताकाहाशी एका साध्या व्हिडिओत आले, मागे संगीत नाही, काही नाही, आणि म्हणाले की काम आम्हाला हव्या दर्जाचं होत नाहीये, आम्ही रेट्रो स्टुडिओजसोबत, म्हणजे ज्यांनी आधीचे तीन भाग केले त्यांच्यासोबत, पहिल्यापासून सुरू करतोय. पहिल्यापासून! गेम आला ४ डिसेंबर २०२५ ला. मला विचाराल तर तो दोन मिनिटांचा रुक्ष व्हिडिओ ही गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात खरी घोषणा होती, कारण त्यात गेम कुठे आहे ते सांगितलं होतं.

आता शेवटच्या टप्प्याचं ते सर्टिफिकेशन. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो, प्रत्येकाची तपासणी असते, आणि ती गेम चांगला आहे का हे बघत नाही. ते बघतात की खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी गेली तर गेम थांबतो का, सेव्ह चालू असताना कन्सोल झोपवला तर सेव्ह उडतं का, स्टोअरचे नियम पाळलेत का. नापास झालात तर दुरुस्त करून परत रांगेत. पास झालं की म्हणतात गेम गोल्ड झाला, हा शब्द जुन्या सोनेरी मास्टर डिस्कवरून आलाय, ज्यावरून कारखान्यात लाखो कॉपी छापायच्या. पूर्वी गोल्ड म्हणजे शेवट. आता गोल्ड म्हणजे डिस्कवर जे जाईल ते, बाकी पहिल्याच दिवशी येणाऱ्या डे-वन पॅचमध्ये. सायबरपंक २०७७ ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला गोल्ड झाला, तारीख होती १९ नोव्हेंबर (हीच जीटीएची तारीख, फक्त वर्ष वेगळं), आणि गोल्ड होऊनसुद्धा महिना संपायच्या आत ती १० डिसेंबरवर गेली. आणि एवढं करून आला तेव्हा जुन्या कन्सोलवर असा चालत होता की सोनीने आठवडाभरात स्टोअरवरूनच काढला, परत यायला जून २०२१ उजाडलं. म्हणजे गोल्डची बातमी आली तरी उड्या मारायच्या नाहीत, पण तरी लोगोपेक्षा ती बरी, कारण निदान खेळता येईल असं काहीतरी कुठेतरी आहे.

सिल्कसाँगचीही सांगितलेली वेळ एकदा अशीच हुकली होती. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या शोमध्ये त्याचा ट्रेलर दाखवला, आणि त्या शोबद्दल सांगितलं होतं की इथे दाखवलेलं सगळं बारा महिन्यांत खेळता येईल. मे २०२३ मध्ये टीमकडून कळलं की नाही, गेम मोठा झालाय, अजून वेळ लागेल. त्यानंतर दोन वर्षं जवळजवळ शांतता. प्रत्येक शोच्या आधी लोक परत फसायच्या तयारीने जोकरचा मेकअप करून बसायचे, मीसुद्धा बसायचो, मेकअप सोडून. आणि मग २१ ऑगस्ट २०२५ ला अचानक ट्रेलर, आणि शेवटी तारीख, ४ सप्टेंबर. चौदा दिवस! साडेसहा वर्षं थांबवलेल्या माणसांनी फक्त दोन आठवडे आधी सांगितलं, कारण आता सांगण्यासारखं खरंच काहीतरी होतं, गेम तयार होता. चार तारखेला तो उघडला तसं पीसी गेम विकणारं स्टीम, निन्टेन्डोचं स्टोअर, प्लेस्टेशनचं स्टोअर, सगळे गुडघ्यावर आले, लोकांना पैसे द्यायचे होते आणि दुकान घेईना. स्टीमवर एकाच वेळी पाच लाखांहून जास्त लोक खेळत होते.

पण त्या चौदा दिवसांची दुसरी बाजू फारशी कोणी बघत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणखी बऱ्याच छोट्या टीमचे गेम यायचे होते, ज्यांनी वर्षभर आधी तारीख ठरवून ठेवलेली. डेमनस्कूल ३ सप्टेंबरला येणार होता, सिल्कसाँगच्या आदल्या दिवशी, त्यांनी तो उचलून १९ नोव्हेंबरवर नेला. बेबी स्टेप्स ८ चा २३ ला गेला. आणखीही काही जण बाजूला झाले. तारीख बदलल्याची पोस्ट लिहायला दहा मिनिटं लागतात, पण त्यामागे स्टोअरवरची जागा, रिव्ह्यूवाल्यांना पाठवलेल्या कॉपी, ट्रेलरमध्ये छापलेली तारीख, आणि चार माणसांचा त्या महिन्याचा पगार, सगळं हलवायला लागतं. आणि ज्या गेमला चुकवायला हे चाललंय तोही किकस्टार्टरवर वर्गणी गोळा करून सुरू झालेल्या तसल्याच एका छोट्या टीमचा.